शेजारणीशी शून्य शिल्लक

आई, शेजारच्या भाभीकडून परवा आलं ते असं: पातेलंभर अळू, लागली दोन टोकनं, परसातली लिंबं, एक टोकन, आणि माझ्या आखडलेल्या मानेला तिनं तेल चोळून दिलं, त्याची तीन. मान मोकळी झाली, पण आकडा बघून पुन्हा आखडली.

टोकन म्हणजे रुपये नव्हेत गं. वलवणच्या आमच्या आळीतल्या बायकांसाठी सुनेनं मोबाइलवर एक ॲप काढलंय. कुणाचं काम केलं की टोकन मिळतं, कुणाकडून काही घेतलं की जातं. कोण कुणाच्या किती उपयोगी पडतं ते दिसावं म्हणून. मला मेलीला फक्त माझा लाल आकडा दिसायचा. देवापुढे दिवा लावताना तोच डोळ्यांसमोर. दुधाच्या रिकाम्या पिशव्या विकल्याचे पैसेसुद्धा लिहून ठेवणारी मी. शेवटी पदर खोचला. भाभीच्या साडीला फॉल लावला, तिचे तांदूळ निवडले, तिच्या नातवाला सांभाळलं, वर डबाभर पुरणपोळ्या दिल्या. संध्याकाळी दोघींच्या फोनवर फुलं उधळली: 'अभिनंदन! तुमचं एकमेकींकडे काहीच देणंघेणं उरलेलं नाही.' मी देवाला साखर ठेवली.

सकाळी भाभी दारात. हातात माझा डबा, घासलेला आणि रिकामा. इतक्या वर्षांत तिनं डबा रिकामा कधी दिला नव्हता, काही नसलं तर कढीपत्ता तरी असायचा.

"घ्या ताई. संबंध संपवायचा होता तर तोंडानं सांगायचं. फोनकडून कशाला निरोप?"

"अहो भाभी, मी फक्त हिशेब…"

"तेच म्हणते. एवढं खाजलं का माझं अळू?" म्हणाली आणि वळून चालती झाली.

तेव्हा तू आठवलीस. आंदर मावळात आपली भातलावणी सावडीनं व्हायची. आज त्यांच्या खाचरात आपण, उद्या आपल्यात ते. लावणी संपलीय, शेजारची काकू बांधावरून विचारतेय, "काय गं, फिटलं का समदं?" तू म्हणतेस, "कुटं फिटतंय, तुमचा एक दिस हाय की माझ्याकडं." मी बोटं मोजून ओरडते, "न्हाई आई, फिटलं!" आणि तू चिखलाच्या हातानं माझा कान धरतेस. "लय शानी! समदं फिटल्यावर ती पुढच्या साली कशाला येईल आपल्या बांधावर?"

तशीच उठले, भाभीच्या दारात गेले आणि विरजण मागितलं.

"किती टोकनं द्याल?" ती फणकारली.

"उधार. आणि फोनला सांगू नका."

ती हसली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? तुझ्या तिकडच्या गावाला पिनकोड नाही. तरी जमलं तर उलट टपाली एवढंच कळव: फ्रिजमध्ये दह्याचं पातेलं भरलेलं असताना विरजण मागितलं, तर ते खोटं बोलण्यात धरतात का? देवाला मी अजून काही सांगितलेलं नाही.