वर्गातला चेंडू

अहो,

नमस्कार करते. गोळ्या वेळेवर घेता ना? की मी नाही म्हणून मोकळं रान?

आम्ही सगळे बरे आहोत. चिमी शाळेत तोंडच उघडत नाही असं मागे लिहिलं होतं, त्याचं सांगते. इथली भाषा येत नाही म्हणून पोर माझा पदर सोडेना. शेवटी बाईंनी मलाही वर्गात मागे बसवलं.

या बाई धड्याआधी चेंडू फेकतात. ज्याच्या हातात येईल त्याने इथल्या भाषेत एक शब्द बोलायचा. पोरं नुसती किंचाळतात. मला वाटलं, शाळा आहे की बाजार? आपली चिमी मात्र आलेला चेंडू गुपचूप खाली ठेवायची. माझा जीव तुटायचा.

काल बाईंनी चेंडू माझ्याकडेच टाकला. मला कुठला येतोय शब्द! ठोंब्यासारखी उभी राहिले. पोरं खिदळली. तशी चिमी ताडकन उठली, माझ्या हातातला चेंडू हिसकावला आणि ठणकावून एक शब्द बोलली. मग दुसरा, मग तिसरा. ऐकून ऐकून सगळं पाठ होतं हो कार्टीला! मला रडूच आलं.

घरी येताना म्हणते, "आजी, उद्यापासून तू बाहेर बस. तुला काहीच येत नाही."

म्हणून आज बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. एकटीला करमत नाही जरा. पण आतून सगळ्यांत मोठा आवाज तिचाच येतोय. माझ्यावर गेलीय, दुसरं काय!

तब्येतीला जपा.

तुमचीच,
चिमीची आजी