शालीची घडी

बोईसर,
१६ डिसेंबर १९९१

चि. बन्सी यास,
अनेक आशीर्वाद. थोरली बहीण आहे, तेव्हा द्यावेच लागतात. घरी सगळी खुशाल असतील. उजवा गुडघा सोडला तर मीही खुशाल आहे. वाडीतल्या चिकूंना यंदा बहर बरा आहे.

काल, रविवार दिनांक १५ रोजी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, पालघरला शाळेच्या हॉलमध्ये, मंत्र्याच्या कोणा पाहुण्यासमोर तू मला 'मॅडम' म्हणालास. तुझ्या मंडळाच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनात सातपाटीच्या वादळाचा फोटो मधोमध लावला आहे. त्याकडे बोट करून मी विचारलं, "हा कोणी काढला?" तू छातीवरचा बिल्ला सरळ करत म्हणालास, "मॅडम, फार जुना फोटो आहे. कोणी काढला ते कळायला मार्ग नाही."

खाली पाटीही तशीच: 'छायाचित्रकार अज्ञात'.

अज्ञात! बन्सी, तो माणूस तुझा सख्खा मेहुणा होता. माझं लग्न तुम्हाला मान्य नव्हतं, ठीक आहे. पण न मानल्याने माणूस अज्ञात होत नाही.

तुला कळायला मार्ग हवा ना? घे. मेहरबान खोदादाद, इराणातल्या यझ्दचे. चौदाव्या वर्षी बोटीच्या डेकवर झोपून मुंबईला उतरले. मामाच्या हॉटेलात कपबशा विसळल्या, मग एका गोऱ्या फोटोग्राफरच्या डार्करूममध्ये ट्रे विसळले. विसळता विसळता शिकले. इथल्या वर्तमानपत्रांत बातमीबरोबर चित्रकाराने घरी बसून काढलेली चित्रं छापत, तेव्हा हा पोरगा घटना घडते तिथे कॅमेरा घेऊन पोचत होता. सत्तावीस सालच्या वादळात पालघर स्टेशनवरून बैलगाडीत काचेच्या प्लेटा गवतात गुंडाळून सातपाटीला गेला. उलट्या घातलेल्या होडीवर कॅमेरा ठेवला आणि गुडघाभर पाण्यात उभ्या राहून समुद्राकडे बघणाऱ्या त्या बायका टिपल्या. तीस साली लाठीमाराचा फोटो काढला आणि प्लेट पावाच्या टोपलीत, पावांच्या खाली दडवून पोलिसांसमोरून नेली.

वर्तमानपत्राने काय छापलं? 'आमच्या छायाचित्रकाराकडून'. आयुष्यभर तेवढंच. मी चिडायचे, तर हसून म्हणायचे, "आनंदी, फोटा बोलते ना, मग आपण कशाला बोलायचा?" म्हणून मीच एकदा भांडले आणि त्या सातपाटीच्या फोटोच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने त्यांच्याकडून सही करून घेतली. तुझ्या फ्रेमच्या कागदी पट्टीखाली ती सही दाबलेली आहे. पट्टी एका बाजूला जास्त रुंद का, हे पाहुण्याने विचारलं नाही. मी शिक्षिका होते. समास कुठे चुकला आहे ते मला दिसतं.

रागाचं कारण एवढंच, असं लिहून पत्र पाकिटात घालणार होते. पण काल बाहेर पडताना तुझी बायको जमना हळूच म्हणाली, "वन्सं, यांचं मनाला लावून घेऊ नका. सासूबाई तुमचं तोंड न बघता गेल्या, ते अजून सलतं यांना."

असं सांगतोस तू घरात?

तुमच्या माजघरात आईचा रंगीत फोटो आहे. त्याला तू रोज हार घालतोस. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत तो सापडला म्हणून पालघरच्या स्टुडिओत मोठा करून, रंगवून घेतलास. तिला उभ्या आयुष्यात कोणी स्टुडिओत नेलं नव्हतं, मग तो आला कुठून, असं तुला कधी वाटलं नाही?

एकावन्न सालचा मे. पावसाळ्याची सुकी मासळी भरायला म्हणून आई सातपाटीला गेली होती, आठवतं? दरवर्षी नोकर जायचा, त्या वर्षी स्वतः गेली. येसूबाई कोळणीच्या मासळी वाळवायच्या खळ्यात मी आणि मेहरबान तिची वाट बघत होतो. आई माझ्या गळ्यात पडून रडायला लागली, तशी येसूबाई ओरडली, "बाय, रडू नको गो! फोटोत नाक मोटा दिसल. जावयाला काय वाटल?" आई रडता रडता हसली. मेहरबाननी तेवढ्यात बटण दाबलं.

पुढे मी आईला प्रत पोचवली. ती घरात ठेवायची तर मला त्यातून काढून टाकणं भाग होतं. तिने आपल्या हाताने, शिवणाच्या कात्रीने मला कापलं. माझा हात मात्र तिच्या खांद्यावर होता. तो कापायचा तर तिचा खांदा कापावा लागला असता.

तुझ्या रंगाऱ्याने मागचे वाळते बोंबील रंगवून झालरीचा पडदा केला आणि खांद्यावर शालीची घडी काढली. ती शाल नाही, बन्सी. मे महिन्यात सातपाटीला शाल कोण घेईल? तो माझा हात आहे. आईच्या तेराव्याला तुम्ही मला ओट्यावर उभं केलंत, तिथूनच मी तो ओळखला. मला घरात पाऊल टाकू न देणारा आपला थोरला दादा असेपर्यंत कोणाला सांगणार नाही, असं आईला वचन दिलं होतं. दादा जाऊन चार वर्षं झाली.

त्या फोटोची मूळ काचेची प्लेट माझ्याकडे आहे. तिच्यावरून काढलेली अख्खी प्रत सोबत पाठवत आहे. देवापुढे बसून नीट बघ. रोज सकाळी हात जोडतोस, ते तुझ्या 'अज्ञात' माणसाच्या कामाला. आई कोणाकडे बघून हसते आहे, तेही बघ.

प्रदर्शन जानेवारीअखेर बोईसरला यायचं आहे. त्याआधी पट्टी काढून सही उघडी करायची आणि पाटीवर 'मेहरबान खोदादाद' असं पूर्ण नाव लिहायचं. केल्याचं लेखी उत्तर मला १४ जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत मिळालं पाहिजे. जमनाच्या हाती तिळगूळ पाठवून भागवू नकोस. गोड नंतर बोलू. उत्तर आलं नाही, तर बोईसरच्या हॉलमध्ये वादळाच्या शेजारी हा फोटो मी स्वतः टांगेन, आणि खाली चौघांचीही नावं लिहीन: काढणाऱ्याचं, हसणारीचं, कापलेलीचं, आणि शाल रंगवून घेणाऱ्याचं.

वाट पाहणारी, तुझी मॅडम नव्हे,
ताई
(आनंदी मेहरबान खोदादाद)