हौद्याचा पत्रा

९ मार्च

बसूदादा उदगीरहून आला. जेवला, मग अंगणात पावलं टाकून मापं घेत बसला. खाली खोल्या, वर खोल्या, कोपऱ्यात जिना. सगळ्या गल्लीनं क्लासच्या पोरांसाठी खोल्या बांधल्या, आपलंच घर तेवढं राहिलंय म्हणे. जूनमध्ये नवीन पोरं लातूरला उतरतात, त्याच्या आत शेड पाडायचं.

शेडमध्ये अप्पांची पिकअप. भंगारवाला त्यानं सोबतच आणला होता. भंगारवाल्यानं गाडीच्या दाराच्या खाली बोट दाबलं तर बोट आत गेलं.

मी म्हटलं, गाडी विकायची नाही. चालू करायची.

"कोन करनार? तू?"

मी.

का म्हटलं, सांगता येत नाही. दिवाळीत अप्पा गेले तेव्हापासून मी काही ठरवलं नव्हतं. भाजीसुद्धा अव्वा ठरवते.

१० मार्च

सकाळची बॅच. अल्डिहाइड. माइक खरखरतो, मागच्या बाकांपर्यंत मी पोचते की नाही माहीत नाही. पोरं लिहून घेतात म्हणजे पोचत असेन.

दुपारी घरी येऊन बॉनेट उघडलं. आत उंदराचं घरटं. कापूस, चिंध्या, बसूदादाच्या जुन्या शर्टाची कॉलर. सगळं काढलं. उंदीर नव्हता.

अव्वा दारातून : "काय करायलीस गं?"
"बघायलेय."
"बघून काय हुतंय?"

१४ मार्च

नट हलत नाहीत. डिझेलमध्ये फडकं भिजवून गुंडाळून ठेवलं. हाताला वास राहतो. वर्गात पहिल्या बाकावरची पोरगी नाक उडवत होती.

ही गाडी म्हणजे माझी जन्मपत्रिका, असं अप्पा चेष्टेनं म्हणायचे. भूकंपाच्या सकाळी त्यांनी मला हिच्यातून आणलं. सहा वर्षांची होते. घरातलं कुणीच राहिलं नव्हतं, मी तेवढी दगडांत सापडले, हे त्यांनी सांगितलेलं. मला आठवतं ते एवढंच की अंगावर ओलं पोतं होतं. बाकी कोरं. मग त्यांनी ठेवूनच घेतलं. बसूच्या पाठचं लेकरू म्हणून शाळेत घातलं, बारावीसाठी उदगीर सोडून लातूरला बिऱ्हाड केलं. अव्वाला मी पहिल्यापासून अव्वाच म्हणते, बसूदादा आईला म्हणतो ते ऐकून.

गावाकडं कधी गेलो नाही. मी म्हटलं नाही, त्यांनी नेलं नाही.

२१ मार्च

क्लासला सुट्टी. नांदेडला गेले. डिझेल पंपाचा सुटा भाग लातुरात मिळेना. जुन्या पार्ट्सच्या गल्लीत मिळाला. अव्वानं जाताना सांगितलं होतं, "सत्तार तिथंच हाय, लेकीकडं. त्याला इचार."

सत्तारचाचा अप्पांसोबत गाडीवर असायचे. गाडी उभी केली तेव्हा तेही थांबले आणि वेल्डिंगचं दुकान टाकलं. आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. मला ओळखलं नाही, मग ओळखलं. अप्पांचं कळलं होतं त्यांना. येणं झालं नाही म्हणाले.

गाडीचं सांगितलं. बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिले.

"जंग किती खाल्लाय?"
"दारं गेली. मागचा हौदा गेला. चासी बरी आहे."
"हौदा राहू दे बेटा. बाकी करू."

२७ मार्च

चाचा आले. भावाकडं उतरलेत, लेबर कॉलनीला. आल्या आल्या गाडीभोवती फिरले, चाकाला लाथ मारली, म्हणाले, "म्हातारी झोपून राहिली, मेली न्हाई."

इंजिन जाम आहे. नोझल काढून आत तेल सोडलं. मुरू द्यायचं.

२ एप्रिल

नळाला पाणी आलं. अव्वानं बॅरल भरले. मी उरलेल्या पाण्यात रेडिएटर धुतला, तांबडं पाणी निघतच राहिलं.

शेजारच्या हॉस्टेलच्या गॅलरीतून पोरी बघतात. एकीनं ओळखलं. "मॅडम, तुम्ही?" हो म्हटलं. तांबडं पाणी दाखवून फेरिक ऑक्साइड, म्हटलं. ती हसली. मला हसू आलं नाही, पण विनोद केला हे खरं.

९ एप्रिल

इंजिन फिरलं. हातानं, पान्यानं, अर्धा वेढा. चाचा जमिनीवर बसले आणि विडी पेटवली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेल.

१८ एप्रिल

दारांना नवा पत्रा. खालच्या कडा कापून जोड दिला. चाचा वेल्डिंग करतात, मी ग्राइंडर मारते. ब्रेकचे पाइप बदलले. अव्वा ताक आणून ठेवते, दोन पेले, आणि शेडमध्ये येत नाही. उंबऱ्यावरून हात लांब करते.

विचारलं, "येत का नाहीस आत?"
"मला त्या वासानं मळमळतंय."

२३ एप्रिल

आता फक्त हौदा. तळाचा पत्रा चाळणी झालाय. पाय टाकला की वाकतो. चाचा रोज काहीतरी दुसरं काढतात. आरसा. वायपर. आज म्हणाले वर फळ्या टाकू, कोण बघतंय खाली.

गंजावर फळ्या टाकल्या तर फळ्याही जातील, म्हटलं. ते वायपर पुसत बसले.

२५ एप्रिल

चाचा नमाजला गेले होते. मी ग्राइंडर घेऊन हौद्यात चढले. एक पट्टी कापली. परत आले ते ओरडतच आले. "बंद कर! बंद कर ते!"

बंद केलं. मागच्या फळक्यावर बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली. मग सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

ते आणि अप्पा डाळीची पोती घेऊन उमरग्याकडं निघाले होते. आदल्या दिवशी गणपती बुडवलेले, रस्ता मोकळा. रस्त्यातच जमीन हलली. उजाडल्यावर पहिल्या गावात लोकांनी गाडी अडवली. पोती रस्त्याच्या कडेला फेकली आणि हौद्यात जखमी भरले. जिवंत तेवढेच घ्यायचे, असं अप्पांनी ठरवलं.

"तू एकटी न्हवतीस. तुझी माय हुती. जित्ती हुती, बेटा. कमरंखाली काय न्हवतं तिचं, पन बोलत हुती. तू उलटी निजलेली, तर तिनं तुझा पाय धरून ठेवलेला. सारखं इचारायची, म्हस सोडली का, म्हस सोडली का. तुझे शिवअप्पा म्हनले, सोडली बाई. म्हनलो मी पन. कुनाची म्हस आन् कुठली म्हस."

औशाच्या पुढं बोलायची थांबली.

लातूरच्या दवाखान्यात जिवंत उतरवून घेतले. मेलेले परत न्या म्हणाले. अप्पांनी मला आधी उदगीरला अव्वाजवळ आणून सोडलं. मग तसेच गावाकडं परत गेले, तिला घेऊन. ओढ्याच्या कडेला एकत्र जाळत होते. लाकडं मिळत नव्हती, घरांच्या तुळया लावल्या. अप्पांनी तिथं उभं राहून सगळं केलं.

"नाव इचारलं हुतं शिवअप्पानं. कलावती म्हनली."

मायचं नाव मला माहीत नव्हतं. माय होती ती.

चाचा रडत होते. मी त्यांना पाणी आणून दिलं. मग संध्याकाळच्या बॅचला गेले. डाउट सेशन होतं.

२६ एप्रिल

टेस्टचे पेपर तपासले.

२७ एप्रिल

अव्वाला विचारलं. ज्वारी पाखडत होती, सूप थांबलं नाही.

"तुला माहीत होतं?"
"हाव."
"अप्पा म्हणाले की घरातलं कुणी..."
"मीच म्हनायला लावलं त्यांना." सूप थांबलं. "तू आलीस तवा बोलत न्हवतीस. चार-आठ दिवसांनी बोलायलीस ते मला अव्वा म्हनून. मंग कसं सांगू? माय हुती, बोलत हुती, तुझ्यासाठी जीव धरून हुती, असं सांगितलं तर तू तिचीच झाली असतीस. आन् गावात सांगायला गेलो असतो, तर कुनी ना कुनी आलं असतं न्यायला. मला भ्या वाटलं. अजून वाटतंय."

पुन्हा पाखडायला लागली. मी तिथंच बसले. खडे वेचले.

राग यावा म्हणून वाट पाहिली. आला नाही. 

२ मे

वर्गात फळ्यासमोर उभी राहिले आणि पुढचं समीकरण आठवेना. आठवत होतं, लिहिता येत नव्हतं.   मग पहिल्या बाकावरच्या पोरीनं, नाक उडवणाऱ्या, उठून माझ्या हातातून खडू घेतला आणि पूर्ण केलं. बरोबर होतं. मी बरोबर म्हटलं.

क्लासच्या सरांनी दोन दिवस घरी थांबा म्हटलं.

४ मे

हौदा कापला. चाचा आले नाहीत, मीच बोलावलं नव्हतं. दुपारपर्यंत सगळा तळ निघाला. पापडासारखे तुकडे पडत होते. एखादा तुकडा ठेवावा का, असा विचार केला. कुठं ठेवायचा? त्यावर काय दिसणार होतं?

भंगारवाल्यानं पोत्यात भरून नेलं.

अव्वा पहिल्यांदा शेडमध्ये आली. तळ नसलेल्या हौद्यातून खाली जमीन दिसत होती, ती बघत राहिली. झाडू आणून बुरा झाडला. म्हणाली, "पायाला लागंल कुनाच्या."

१२ मे

नवा पत्रा बसला. चाचांनी एका बाजूनं वेल्डिंगचे टाके मारले, मी दुसऱ्या बाजूनं बडवून बसवला. लाल प्रायमर.  जाताना चाचा म्हणाले, "सांगायला नको हुतं का?"
मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत.
हे खरं आहे का, बघायचंय.

२४ मे

सुरू झाली. पहिल्यांदा काळा धूर, मग पांढरा, मग नुसता आवाज. गॅलरीतल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. अव्वानं चाकांखाली लिंबं ठेवली, कपाळाला विभूती लावली. गाडीच्या, माझ्या, चाचांच्याही. चाचा हसले, पुसली नाही.

बसूदादा उदगीरहून दुकान बंद करून आला. स्टेअरिंगवर बसला आणि डोकं टेकवून हुंदके देऊन रडला. "भूकंपाच्या दिवशी मला पुढं बसून जायचं हुतं गं. अप्पांनी नेलं न्हाई. मी आठवडाभर रुसलो हुतो." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याची पाठ अप्पांसारखी झालीय.

जाताना म्हणाला, अर्धापूरचा एक केळीवाला हाय, अशी गाडी शोधायलाय. चांगला माणूस. कुजू देण्यापेक्षा कामाला लागंल. जूनमध्ये पाया खोदायचाच आहे.

त्याचं चूक नाही.

१ जून

कागद, पासिंग, सगळं मार्गी लागलं. केळीवाला येत्या आठवड्यात बघायला येतो म्हणाला.

चाचांना विचारलं, ती जागा दाखवाल का.
"दाखवतो. ओढा हाय तोवर सापडंल."
अव्वाला विचारलं नाही. सांगितलं फक्त.

७ जून

सकाळी निघालो. गाडी काढली तर अव्वा आधीच पुढच्या सीटवर बसलेली, मांडीवर डबा. चाचा म्हणाले मी मागं बसतो. नको म्हटलं, तिघं मावतो.

औसा गेलं. रस्ता रुंद झालाय. चाचांनी दोनदा चूक वळण सांगितलं.

जुनं गाव म्हणजे दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी. लोक केव्हाच नव्या गावात गेलेत, ते पलीकडं दिसतं, सरळ रांगा. ओढा सापडला. चाचा काठानं खाली गेले, वर आले. "हितं. नाहीतर त्या दगडापाशी." मग उभेच राहिले. दोन्ही ठिकाणी सारखंच गवत होतं. मी दोन्हीकडं थोडा थोडा वेळ उभी राहिले. अव्वानं चपला काढल्या होत्या.

काही वाटलं का? ऊन लागलं.

शेरडं चारणारी एक म्हातारी आली. गाडी बघत होती. कुठले, कुनाकडं आलाव. मी नाव सांगितलं. पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं. कलावती. तिची मुलगी मी, सुमन.

म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "सुमी तर मेली. मायसंगटच गेली ती."

 अव्वा म्हणाली, "न्हाई मेली. माझ्याजवळ हुती."

म्हातारीनं काठी खाली टाकली. जवळ येऊन माझी हनुवटी धरली, इकडं वळवली, तिकडं वळवली. मग सांगितलं, मायची धाकटी बहीण जिवंत आहे. नव्या गावात, देवळामागच्या गल्लीत. दरवर्षी माझ्या आणि मायच्या नावानं पाच जणांना जेवायला घालते. आज घरी नाही, लेकीकडं इस्लापूरला गेलीय. सोमवारी येईल.

माझी मावशी. मला जेवायला घालते.

डबा तसाच परत आणला. कुणीच खाल्लं नाही. परतताना अव्वा खिडकीबाहेर बघत होती, पदर तोंडावर. चाचा डोळे मिटून. गाडी चढावर जरा दम खात होती, मी गिअर खाली घेतला.

बसूदादाचा फोन. केळीवाला सोमवारी येतोय, घरी थांब. गाडी चालवतेय, नंतर बोलते म्हटलं.

औशापाशी अव्वा बाहेरच बघत म्हणाली, "सोमवारी तुला सुट्टी काढता येती का?"