टेकचंदपेक्षा खुसखुशीत

१४ जून, रविवार
जमलं! बॅच नंबर तीन, पास. पहिल्या दोन बॅच वातड झाल्या होत्या, पण तो मैद्याचा दोष. आजचं पकवान (सिंध्यांची मैद्याची कडक पुरी) थेट टेकचंदच्या दुकानातल्यासारखं. रंग तोच, बुडबुडे तेच, मोडताना आवाजही तोच. डाळ तर डिट्टो. ज्या दाल-पकवानसाठी आमचा अख्खा कॅम्प पाच एरिया रविवारी सकाळी रांग लावतो, ते भगवंत साळव्याने तिसऱ्या फटक्यात उडवलं. अंबरनाथच्या कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलंय. मार्चमध्ये कंपनीला टाळं लागलं, नजरेला नाही लागलं.
टेकचंदला तोंडावर सांगितलं होतं, घरी करून दाखवतो. तो हसला होता. तेव्हाच शपथ घेतली, त्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही.
आज बऱ्याच दिवसांनी सगळ्यांबरोबर जेवायला बसलो.

१७ जून, बुधवार
पद्धत पक्की. दर बुधवारी आणि रविवारी बॅच. मी मळणार, लाटणार, काट्याने टोचणार. मग एक तास वाळवण. तेवढ्यात माझी आंघोळ आणि पूजा. तळण बायकोकडे, प्रतिभाकडे, डाळीची फोडणीही तिच्याकडेच. तिने स्वतःच मागून घेतलं. म्हणाली, तेलाच्या वासाने तुम्हाला पित्त होतं. असू दे. तळणं हे अनस्किल्ड काम.
बॅच चार, पास.

५ जुलै, रविवार
कंपनीतला नितीन आला होता. त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधून टेस्ट घेतली. एक पकवान टेकचंदचं (प्रतिभाने आणून दिलं), एक माझं. नितीनने दोन्ही खाल्ली, परत खाल्ली, म्हणाला, सेम टू सेम. पैजेवर सांगतो, एकाच कढईतलं आहे. किर्तीने व्हिडिओ काढला. लेक पहिल्यांदाच मला स्टेटसला ठेवणार.
नितीनने जाता जाता बदलापूरच्या एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपरची जागा सांगितली. बघतो म्हटलं. टेकचंदला हरवणाऱ्या माणसाने खोकी मोजायची?

२२ जुलै, बुधवार
बॅच चौदा, पास. दोन तक्रारी. प्रतिभा दर बॅचला मी आंघोळीला गेलो की कोथिंबीर आणायला बाहेर जाते. फ्रीजमध्ये कोथिंबिरीचं जंगल झालंय. दुसरं, जिन्यातली कुत्री फार माजलीत. नुसती लोळत असतात. कोण खायला घालतं कळत नाही.

१२ ऑगस्ट, बुधवार. दुपारी १.१५
चॅनेलवरून फोन!! ‘दुपार आपली’ या कार्यक्रमातून. गप्पांच्या मध्ये त्यांचा एक भाग असतो, बाहेरची चव घरच्या घरी. किर्तीने व्हिडिओ पाठवला होता म्हणे, मला न सांगता. गुरुवार, ३ सप्टेंबर, दुपारी दोनला. लाईव्ह! एक पकवान तिथे तळून दाखवायचं, बाकी प्लेट घरून तयार आणायची. शेजारी टेकचंदची प्लेट ठेवून होस्ट मॅडम दोन्हींची चव घेणार.
प्रतिभाला सांगितलं तर ती मटकन खाली बसली. आनंदाने माणूस असं बसतं.

१३ ऑगस्ट
नितीनचा फोन. गोडाऊनवाल्यांना होय-नाही हवंय. नाही म्हटलं. टीव्हीनंतर क्लासेस सुरू करणार. शनिवार-रविवार, बायकांची बॅच वेगळी.

२३ ऑगस्ट, रविवार
प्रतिभा विरोधात गेली आहे. काल म्हणाली, टीव्हीचं राहू द्या, त्यापेक्षा नितीनभावजींना पुन्हा फोन करा. आज म्हणाली, तुमचा बीपी. माझा बीपी एकशेवीस-ऐंशी आहे, मीच मोजतो. नवरा पुढे गेलेला बघवत नाही काही बायकांना.
खरं लिहू का? इथे कोण वाचतंय. मार्चपासून घरात मला कोणी काही काम सांगत नाही. गिरणीतून दळण आणा, एवढंसुद्धा नाही. मी खोलीत आलो की दोघी हळू बोलतात, आजारी माणसाजवळ बोलतात तशा. फक्त बुधवारी आणि रविवारी बरं असतं. माझ्या हाताने काहीतरी होतं, हे एकदा सगळ्यांना दिसू दे. बस, एकदा.

२ सप्टेंबर, बुधवार
रंगीत तालीम. बॅच सव्वीस, पास विथ डिस्टिंक्शन. प्रतिभा आठातली पाच पकवानं डब्यात भरून कपाटात ठेवत होती. उद्याला राहू देत म्हणाली. मी डबा हिसकावला. शिळं? लाईव्ह टीव्हीवर? वरच्या मजल्यापासून खालच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना वाटून टाकलं. उद्या ताजी बॅच. ती कोथिंबीर निवडत बसली. एवढी कोथिंबीर कोण निवडतं?

३ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ७.४०
पहाटे पाचला मळून, लाटून, टोचून तयार. प्रतिभा टेकचंदची प्लेट आणायला गेली ती रिकाम्या हाताने आली. आज सिंधी लोकांची थदडी. घरात चूल पेटवत नाहीत, कालचं थंड खातात. दुकान बंद. तिचे डोळे लाल. म्हणाली, तुम्हाला ताप आलाय असं सांगते चॅनेलवाल्यांना. मी म्हटलं, अगं, टेकचंद नसला तर माझ्यासमोर उभं राहायला कोणीच नाही, उलट फायदा! ती तळायला गेली.

सकाळी ९.१०
आजचं तळण बिघडलं. पकवान वाकतंय. प्रतिभाचं लक्षच नव्हतं. हवा दमट आहे, वाटेत कडक होईल.

संध्याकाळी ६
नाही झालं कडक.
होस्ट प्रगती मॅडमनी एका हाताने मोडायचा प्रयत्न केला, मग दोन हातांनी. पकवानाची घडी झाली. त्या म्हणाल्या, काका, हे खायचं की इस्त्री करायचं? तिथल्या सगळ्या बायका हसल्या. मग मी तिथेच एक तळलं. माझ्या स्वतःच्या हाताने, मोठ्या गॅसवर, जोशात. बाहेरून काळं, आतून कच्चं. मॅडमनी घास टिश्यूत काढला आणि ब्रेक घेतला. ब्रेकनंतर माझ्या खुर्चीत केसगळतीचे डॉक्टर.

४ सप्टेंबर, शुक्रवार
चूक कोणाची? स्टुडिओचा एसी. तिथली कढई पातळ. प्रतिभाचं तळण. किर्तीचा आगाऊपणा. वॉचमन म्हणाला, साहेब, परवाचं तर एक नंबर होतं. आज वेगळा जेवलो.
नितीनला फोन केला. जागा भरली.

५ सप्टेंबर, शनिवार
शपथ मोडली. टेकचंदच्या दुकानाची पायरी चढलो. म्हटलं, उभं राहून बघू तो तळतो कसा. त्याने मला ओळखलं. हसेल वाटलं. हसला नाही. विचारलं, साईं, भाभी की तबियत ठीक है?
मी विचारलं, कोण भाभी.
त्याने सगळं सांगितलं. जूनपासून दर बुधवारी, रविवारी. आठ पकवान, डाळ स्वतःच्या स्टीलच्या डब्यात. दुकानाची पिशवी नको, पुडा नको. पिशवीवर कोथिंबिरीची जुडी. एकदा त्यानेच विचारलं, इतकं आवडतं घरी? तर म्हणाली, हे असलं की माझे मिस्टर आमच्याबरोबर जेवायला बसतात.
गुरुवारी सकाळी सहाला शटर वाजवत होती म्हणाला. एक दिवस चूल पेटवा म्हणून त्याच्या बायकोचे हात धरून रडली. त्याची बायकोही रडली. पण थदडीला कशी पेटवणार. टेकचंदने माझ्यासमोर हात जोडले. सॉरी साईं, म्हणाला.
सव्वीस वर्षं क्वालिटी कंट्रोल. चोवीस बॅच पास केल्या मी.
घरी आलो. जिन्यातल्या कुत्र्यांनी शेपट्या हलवल्या. हातपाय धुतले. प्रतिभा किर्तीचा युनिफॉर्म शिवत बसली होती. तिचं तोंड उतरलेलं.

६ सप्टेंबर, रविवार
सकाळी मैदा काढला. प्रतिभा दारात येऊन उभी राहिली. म्हटलं, एका फेल बॅचने लाईन बंद करत नाहीत. मळलं, लाटलं, टोचलं.
ती म्हणाली, जा, आंघोळ करून घ्या.
गेलो. बादली भरली, वाहू लागली. दाराची कडी वाजली. चपलांचा आवाज जिन्यातून खाली गेला. बसून राहिलो. बराच वेळ. पुन्हा चपला वर येईपर्यंत नळ चालू ठेवला.
मग पूजेला बसलो. सावकाश केली.
तिघं बरोबर जेवलो. किर्ती म्हणाली, बाबा, आजचं मस्त झालंय. प्रतिभा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, तळण चांगलं आहे.
बॅच अठ्ठावीस. पास.