तोरणाची गाठ

१८ ऑक्टोबर २०१५, रविवार

माथेरानला घोडा धरून चालायचो तेव्हा गिऱ्हाईक काय बोलतं ते सगळं कळायचं. इथे आखातात, अल हैलच्या तबेल्यात दोन पोरी तासन्‌तास बोलतात आणि मला ओ की ठो कळत नाही. सगळं इंग्रजी. एक हाफिजा, आमच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची, मुलगी. दुसरी मधुवंती, अल घुब्र्याहून येते, आईबाप पुण्याचे. दोघी तेरा-चौदाच्या. घोडी मात्र एकच — हाफिजाची रीम. आळीपाळीनं बसतात. खालची चालता चालता बोलते, वरची वाकून ऐकते. एवढं काय असतं?

शेवटी मधुवंतीला विचारलं. "असंच, उत्तमदादा. स्टफ."

स्टफ म्हणजे काय ते विचारायचं राहिलं.

२० ऑक्टोबर

हाफिजा घोडी बांधते ती सुरगाठ. एक टोक ओढलं की मोकळी — जनावर बिथरलं तर लगेच सोडवता यावं म्हणून. मधुवंतीला कितीदा दाखवली, तिची आपली निरगाठच. मी दातांनी सोडवतो. हाफिजा ओरडते, "उत्तम, देखो, इसने फिर लॉक कर दिया!"

२२ ऑक्टोबर, दसरा

चारा उतरवून आलो तर रीमच्या गळ्यात झेंडूचा हार, कपाळाला कुंकू. हार मधुवंतीच्या बापानं हमरियाच्या बाजारातून आणला. तबेल्याच्या दारावर लांबट हिरव्या पानांचं तोरणसुद्धा. आंब्याचं! गाव सोडल्यापासून पहिलं तोरण.

"सही है ना, उत्तम?" हाफिजानं विचारलं.

"एकदम," म्हटलं.

२३ ऑक्टोबर

सकाळी रीम घामानं निथळत होती. पाय लटपटत होते. रात्री मान वर करून तिनं अर्धं तोरण खाल्लंय. डॉक्टरनं उरलेलं पान हातात घेतलं आणि म्हणाला, कण्हेर. रस्त्याकडेला गुलाबी फुलांची असते ती. मूठभर पानांत घोडा मरतो. विष शोषायला नळीनं कोळशाची पूड पाजली.

कण्हेर मी लहानपणापासून ओळखतो. पण काल दसरा होता आणि दारावर पानं होती — मला आंबाच दिसला.

"किसने बांधा?" अर्बाब हसननं विचारलं. हाफिजा नुसती रडत होती. सण मधुवंतीचा, म्हणजे तिनंच, असं सगळ्यांनी धरलं. फोन करून तिला बोलावलं. बापाबरोबर आली. एकदा हाफिजाकडे बघितलं, मग खाली.

"मैंने," म्हणाली.

"खलास. इधर नहीं आना."

हाफिजा घोडीकडेच बघत राहिली.

२४ ऑक्टोबर

रीम उभी आहे. पाणी प्यायली.

२७ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाला, वाचली. हाफिजा रोज येते, पण वर बसत नाही. नुसता खरारा करते, गप्प. ते सगळं बोलणं जातं कुठे आता?

तोरणाचा दोरा दारावर तसाच लोंबत होता. काढू म्हणून सुरी आणली. सुरी लागलीच नाही. टोक ओढलं, सुटला.

सुरगाठ!

होती तशी परत बांधून ठेवली. अर्बाबला सांगू? मुलगी त्याची, नोकरी माझी. आणि मधुवंती तरी "मैंने" का म्हणाली?

२८ ऑक्टोबर

हाफिजाला म्हटलं, "ये धागा तू निकाल. तेरा लगता है."

ती आली. टोक ओढलं. दोरा हातात आला तशी तिथेच खाली बसली.

"बाबा को बोला?"

"नहीं."

"मधु बोलती थी, उसके घर में दरवाजे पे आम का पत्ता लगाते हैं. मेरे को सरप्राइज देना था, रोड पे वैसा ही पत्ता दिखा." दोरा बोटाला गुंडाळत राहिली. "उसको मालूम था मैंने बांधा. फिर भी."

दोरा मुठीत घेऊन ती घराकडे गेली. आता काय करते कोण जाणे.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

अर्बाबची गाडी आली. त्यानं स्वतः उतरून मागचं दार उघडलं — हाफिजा, आणि तिच्यामागून मधुवंती. म्हणजे हाफिजानं बापाला सांगितलं. मधुवंतीनं रीमला खुंट्याला बांधलं. निरगाठच. मी पुढे झालो तर हाफिजानं हातानं थांबवलं, आणि स्वतः दातांनी सोडवत बसली.