‘मी’ वर्ज्य

५ मार्च, बुधवार. सकाळी ७
उपवासकाळाचा आरंभ. रविवारी पाळकसाहेबांनी आत्मकेंद्रितपणावर उपदेश केला. त्यांची दृष्टी सतत तिसऱ्या बाकावर होती. तेथे केवलराम बसतो. (मीही बसतो, परंतु खिडकीच्या बाजूस.) तथापि कोणास बोलायला जागा नको म्हणून ईस्टरपर्यंत ‘मी’ हा शब्द वर्ज्य. इतर लोक मटण सोडतात. ते सोपे आहे.

वरील कंसातील ‘मी’ संकल्पापूर्वीचा समजावा.

६ मार्च
चोवीस तास निर्दोष. मराठीत कर्ता गाळता येतो, ही भाषेची मोठीच सोय. उठलो, प्रार्थना केली, नेहरू नगरला फेरी मारून आलो. कोण, ते लिहावे लागत नाही. पाळकसाहेबांना फोनवर ही प्रगती कळवली. सविस्तर सांगणार होतो, पण त्यांना एका अंत्यविधीस जायचे होते.

९ मार्च, रविवार
उपासनेनंतर सिंधुताई भेटल्या. सुपेल्यात राहतात; महिला मंडळात कलावतीच्या मैत्रीण. २९ तारखेला कलावतीला जाऊन वर्ष होते. घरी स्मरण-प्रार्थना ठेवावी, मंडळातल्या बायका दोन शब्द बोलतील, असे त्यांनी सुचवले. प्रार्थना मान्य, बायकांचे दोन शब्द अमान्य. छत्तीस वर्षे संसार कोणी केला? तिच्या जीवनाची साक्ष पतीच देईल. एकटा.

१५ मार्च
साक्षीचा मसुदा पूर्ण. अकरा पाने, ‘मी’ एकदाही नाही. सर्वत्र ‘प्रस्तुत वक्ता’. आरंभ प्रस्तुत वक्त्याच्या प्लांटमधील नियुक्तीपासून. कलावती चौथ्या पानावर येते, विवाहप्रसंगी.

२२ मार्च. दुपारी
सिंधुताईंना घरी बोलावून मसुदा मोठ्याने वाचून दाखवला; केवळ शुद्धलेखन तपासण्यासाठी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, तिच्या गाण्याचं यात काही कसं नाही? क्वायरमध्ये गाण्याची तिची इच्छा होती म्हणे. पत्नीने असे कधीही विचारलेले नाही, हे ठणकावून सांगितले.

“विचारलं होतं ना भाऊजी. तुमी म्हणाले, मंग पाच वाजताचा चहा कोन करन?”

आठवत नाही. विचारले असल्यास चहाचा प्रश्न रास्तच होता. तालीमही पाचलाच असे.

२६ मार्च
प्रयोगादाखल प्रस्तुत वक्त्याची वाक्ये खोडली. सात पाने कोरी झाली. उरलेल्या चारांत दिवाणखान्याचे फर्निचर, बदल्या, आणि एक वाक्य: ‘कलावती स्वभावाने अत्यंत शांत होती.’ हे तरी निर्विवाद. खात्रीसाठी सिंधुताईंना फोन केला. त्या बराच वेळ हसत होत्या.

“शांत? कलावती? अवो, मंडळात तिच्यासमोर आमाले बोलूच भेटत नव्हतं.”

फोन ठेवला. त्यांचा गैरसमज असावा. दोन कलावती असणे शक्य नाही.

२९ मार्च. रात्री ९
साक्ष दिली नाही. कागद खिशात होते. बायका बोलल्या, पावणेदोन तास. कलावती पाळकसाहेबांची नक्कल करायची. उपासनेत आमच्या खोकल्याचीही करायची. सिंधुताईंनी ती करून दाखवली. हुबेहूब होती. सगळे हसले. खुर्ची दाराजवळ होती. तेथून नीट ऐकू येत नव्हते, म्हणून पुढे ओढून घेतली.

निघताना पाळकसाहेबांनी हात हातात घेतला. म्हणाले, “आज तुम्ही स्वतःबद्दल एक शब्दही काढला नाहीत. फार मोठी गोष्ट.”

दुरुस्ती करणे कर्तव्य होते. बोलायचे तिच्याविषयी होते, आणि तिच्याविषयी मला काहीच माहीत नव्हते.

तसे म्हणालो नाही. ‘धन्यवाद’ म्हणालो.