दर दहा मिनिटांनी एक बस

दि. ३, सोमवार. सायं. ६.१५
शहरात उद्यापासून हायड्रोजन बसची चाचणी सुरू. बस तीन, गॅस भरण्याचे स्टेशन एक, समन्वयक एक. समन्वयक मी. व्यवस्थापकांनी सर्वांसमक्ष स्पष्ट केले: सतरा तारखेला समिती येईल, बसमधून फिरेल आणि निर्णय देईल. पसंत पडली तर हायड्रोजन विभाग कायम आणि विभागप्रमुख मी. नापसंत पडली तर बस परत, आणि मीही परत हजेरी विभागात. तेथे एकोणीस वर्षे काढली आहेत. विसावे काढणार नाही.

दि. ४, मंगळवार. सकाळी ९.००
वेळापत्रक तयार. एक बस भरण्यास दहा मिनिटे लागतात, हे स्वतः घड्याळ लावून पाहिले. म्हणून ७.००, ७.१०, ७.२०. साडेसातला स्टेशन मोकळे. इंजिनिअर मंडळींनी एवढ्यासाठी तीन मीटिंगा घेतल्या असत्या. बी.कॉम.ला कमी लेखणाऱ्यांनी हे पाहावे.
स्टेशनच्या ऑपरेटरना सगळे मामा म्हणतात. मामांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला. म्हणाले, साहेब, एक बस भरली की साठवणीच्या टाकीतला दाब उतरतो. तो परत चढवायला कंप्रेसरला चाळीस मिनिटं द्यावी लागतात, त्यालाही दम लागतो हो. मी सांगितले की दम लागण्याची तरतूद नियमावलीत नाही. मामा ‘बरं’ म्हणाले. कागद भिंतीवर लावला.

दि. ७, शुक्रवार. सायं. ६.३०
चार दिवस तिन्ही बस वेळेवर. एकही फेरी चुकली नाही. व्यवस्थापकांना लेखी कळवले की हे वेळापत्रकाचे यश आहे. स्टेशनवर जातीने हजर राहण्याची गरजच उरलेली नाही.
एक नोंद: आज सकाळी ६.३५ला तिकडून जाताना मामा नळी लावून उभे दिसले. ड्युटी सातची. वेळेआधी येणे हीसुद्धा अनियमितताच. चाचणी संपली की समज देईन.

दि. ११, मंगळवार. सायं. ७.००
बस क्र. ३ची चालक (तिला सगळे ताई म्हणतात) आज म्हणाली, मामा आहेत म्हणून निभावतंय. तिचा स्वभावच भिडस्त आहे. कोणाचेही कौतुक करते.
घरी सौ.ला सर्व प्रकार सांगितला. ती म्हणाली, एकदा त्या माणसाचं ऐकून तर बघा, कान झिजणार आहेत का तुमचे? तिला प्रशासन कळत नाही.

दि. १५, शनिवार. दुपारी १.१०
समितीसाठी बस क्र. ३ निश्चित केली. तिच्यावर ओरखडे कमी आहेत. ती सर्वांत शेवटी भरायची, म्हणजे गॅस ताजा राहील. सोमवारी कोणताही आगाऊपणा नको, म्हणून स्टेशनची किल्ली माझ्याकडे घेतली. मामा किल्लीकडे पाहत राहिले. धाक बसतो आहे.
संकल्प: सोमवारी आवाज चढवायचा नाही. माणसांकडे न बघता घड्याळाकडे बघायचे.

दि. १७, सोमवार. सकाळी ६.५५
मामा गेटबाहेर उभे. साडेपाचपासून, असे ताई म्हणाली. शिस्त अंगी बाणते आहे.

७.१०
पहिली बस भरली. दाब साडेतीनशे बार. म्हणजे टाकी पूर्ण. दहा मिनिटे शून्य सेकंद.

७.२०
दुसरी. दोनशे दहावरच थांबली. मामा नुसते ‘बघा’ म्हणाले.

७.३२
तिसरी, म्हणजे समितीची. साठ.
मामा म्हणाले, समितीला चहा पाजा, गप्पा मारा, काहीही करा, पण मला चाळीस मिनिटं द्या. समिती गेटाशी आलेली. आठला निघायचे असे निमंत्रणात छापलेले आहे. मी त्रैराशिक मांडले: साडेतीनशे बारमध्ये साडेतीनशे किलोमीटर, तर साठ बारमध्ये साठ. मार्ग चाळीसचा. वीस हाती उरतात. मामा म्हणाले, शेवटचे वीस बार वापरता येत नाहीत, बस आधीच बंद पडते, शिवाय चढ आहे. ताई म्हणाली, मी नेते, पण तुम्ही लिहून द्या. लिहून दिले. सही केली. खाली वेळही घातली.

८.२४ (बसमध्ये)
सेहेचाळीस बार. एका सदस्यांना उकडते आहे. एसी वाढवला.

८.४१
पुलाचा चढ. एकतीस. आकडा कोणाला दिसू नये म्हणून त्याच्यासमोर उभा आहे. समितीच्या अध्यक्ष म्हणाल्या, तुम्ही बसत का नाही? म्हटले, सेवेत असताना बसत नाही. पाठीला घाम.

८.५२
तेवीस. ताईने हळूच विचारले, साहेब, आता काय करू? समोर बघायला सांगितले.

८.५५
थांबली. भर चौकात. चारी बाजूंनी हॉर्न. आकडा वीस. शिल्लक दिसते आणि वापरता येत नाही, ही शुद्ध फसवणूक आहे.

१०.४० (कार्यालयात)
मामांनी पहिली बस आमच्या मागोमाग, दोन चौकांचे अंतर ठेवून पाठवली होती. कोणाच्या परवानगीने? समिती त्या बसमध्ये चढली. मार्ग पूर्ण झाला.
अध्यक्षांनी ताईला विचारले, तेरा दिवस एकदाही अडली नाही, मग आज काय वेगळं केलं? ताई म्हणाली, काही नाही हो मॅडम, आज पहिल्यांदाच यांचं वेळापत्रक पाळलं.
हे वाक्य मला दोनदा ऐकावे लागले.

दि. १९, बुधवार. सायं. ५.३०
चाचणी मंजूर. अहवालातील शब्द: ‘प्रत्यक्षात पाळल्या गेलेल्या वेळांनुसार.’ विभाग कायम. विभागप्रमुख मामा. हजेरी विभागाचा आदेश माझ्या नावाने टाइप झाला होता, पण मामांनी व्यवस्थापकांना सांगितले म्हणे की त्यांना राहू द्या, त्यांच्यासारखी सरळ रेघ इथं कुणाला येत नाही.
दुपारी स्टेशनवर गेलो. मामांनी वेळा सांगितल्या, मी लिहिल्या: ५.४०, ६.३०, ७.२०. शेवटी साडेसातलाच स्टेशन मोकळे होते. मी विचारले, मधल्या चाळीस मिनिटांत काय लिहायचे? मामांनी कंप्रेसर सुरू केला आणि बाकावर जागा करून दिली. म्हणाले, बसा.
बसलो. दोघांनीही काही केले नाही. दाब चढत गेला.
एकेचाळीस मिनिटे लागली. जादा एका मिनिटाचा खुलासा मागितला नाही.